मंजूऽऽर! आणि मग वडे

कोपऱ्यातली_खुर्ची

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. फ्लॅट चौसष्ट, माणसं सतरा. कोरम वीसचा, तो भरेना म्हणून सेक्रेटरींनी घड्याळ बघत अर्धा तास बसवून ठेवलं आणि अर्ध्या तासाने त्याच सतरा माणसांची 'तहकूब सभा' झाली, कारण तहकूब सभेला कोरम लागत नाही. मागचं इतिवृत्त? मंजूर. हिशोब? मंजूऽऽर. ऑडिटर? मंजूर. सूचक कोण, अनुमोदक कोण हे आधीच टाईप करून आणलेलं. मी हात वर केला की बाबा लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च दोन ठिकाणी कसा काय पडलाय, तर अध्यक्ष म्हणाले ऐनवेळच्या विषयात घेऊ. ऐनवेळचे विषय आले तोवर वडे आले होते. एकूण एकोणीस मिनिटं, अर्धा तास थांबलो ते सोडून.

घरी आल्यावर डोक्यात तेच. आपण 'सभा' हा एकच शब्द किती ठिकाणी वापरतो बघा, शोकसभा, धर्मसभा, ग्रामसभा, विधानसभा, जाहीर सभा, पूर्वी ग्रंथकारांचीही सभाच. अथर्ववेदात सभा आणि समिती या प्रजापतीच्या दोन मुली म्हटल्यात, म्हणजे घराणं मोठं आहे. पण सतरा माणसं खुर्च्यांवर बसली की सभा होते का? मला आपलं असं वाटायला लागलंय की जिथे न पटणाऱ्याला सगळं थांबवता येतं ती सभा, बाकी सगळी पंगत. द्यूतसभेत द्रौपदीने प्रश्न विचारला, भीष्म म्हणाले धर्म सूक्ष्म आहे, एकटा विकर्ण उठून बोलला, त्याला कर्णाने गप्प केलं. वडे नव्हते एवढाच फरक.

धर्म, साहित्य, राजकारण, कुठलीही उदाहरणं चालतील. जिथे 'थांबा' म्हणायची सोय होती अशी, आणि नव्हती अशीही.

चहाबिस्कीट

वडे कुठले होते ते आधी सांगा. बाकी चर्चा नंतर.

टाळकरी

खुर्चीभाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर वारीत रोज संध्याकाळी मिळतं. मी माउलींच्या पालखीबरोबर आठ वर्षं चालतोय, त्यातलं बघितलेलं सांगतो.

दिवसभराची चाल संपवून पालखी तळावर येते. सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल करून उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ, शेजारचा काय बोलतोय ते ऐकू येत नाही. मग चोपदार उंच जागी उभा राहून चोप, म्हणजे हातातली काठी, वर करतो आणि 'होऽऽ' अशी आरोळी देतो. एका क्षणात सगळं शांत. लाखभर माणूस आणि लांब कुठेतरी कुत्रं भुंकलेलं ऐकू येतं, खरंच सांगतो अंगावर काटा येतो. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात, मग आरती. समाजआरती म्हणतात याला.

आता मुद्दा. त्या शांततेत एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहिले तर समजायचं की त्यांची तक्रार आहे. त्यांना कोणी दटावत नाही. चोपदार त्यांच्याकडे जातो, विचारतो, ऐकून घेतो आणि तिथल्या तिथे निवाडा होतो, तोवर सगळा समाज उभा. एका वर्षी आमच्या दिंडीचा पाण्याचा टँकर दुसऱ्याच दिंडीने वळवून नेला होता. आम्ही वाजवत राहिलो. सगळा तळ गप्प आणि आम्ही चाळीसएक टाळकरीच खणखणाट करतोय, पहिल्यांदा लाज वाटली मला, वाटलं कशाला एवढं. बाजूचे म्हातारे बुवा म्हणाले थांबू नको, थांबलास की तक्रार संपली. चोपदार आले, दोन्हीकडचं ऐकलं, रात्री टँकर आला.

ही शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी घातलेल्या घडीतली. ते शिंद्यांच्या दरबारातले सरदार, त्यामुळे चालण्याचा क्रम, तळ, तंबू सगळं लष्करी. पण लष्करात शिपायाला टाळ वाजवता येत नाहीत, तेवढं मात्र वारीचं स्वतःचं.

कोपऱ्यातली_खुर्ची

टाळकरी, दंडवत. हे माहीतच नव्हतं. म्हणजे बोलायला परवानगी मागायचीच नाही, नुसतं गप्प बसायला नकार द्यायचा!

पाली_शिकतेय

टाळकरींचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय (एरवी नुसती वाचक आहे मी). भिक्षुसंघाच्या सभेचे नियम विनयपिटकात आहेत आणि ते वाचताना खरोखर एखाद्या पतसंस्थेचे उपविधी वाचतोय असं वाटतं.

आधी 'ञत्ति' म्हणजे प्रस्ताव मांडायचा. तो मांडल्यावर, काम महत्त्वाचं असेल तर, तीनदा विचारायचं: ज्याला मान्य आहे त्याने गप्प राहावं, ज्याला मान्य नाही त्याने बोलावं. तीनदा. तिन्ही वेळा शांतता असेल तर मंजूर. म्हणजे मौन ही संमतीच, पण ते मौन तीनदा तपासून घेतलेलं, खुर्ची यांच्या अध्यक्षांसारखं वड्यांनी भरलेलं नाही.

वाद मिटेना तर मतदान. लाकडाच्या काड्या वाटायच्या, शलाका, आणि काड्या वाटायला जो भिक्षू नेमायचा तो कोणाच्या बाजूचा, रागाचा, भित्रा असा नको. मत घ्यायच्या तीन पद्धती: गुप्त, कानात कुजबुजून, आणि उघड. बसायची व्यवस्था बघायलाही वेगळा माणूस, वैशालीच्या दुसऱ्या संगीतीत, म्हणजे भिक्षूंच्या मोठ्या सभेत, हे काम अजित नावाच्या भिक्षूकडे होतं. त्या संगीतीतला वाद कशावरून, तर शिंगात मीठ साठवून ठेवलं तर चालेल का, सोनं-रुपं घेतलं तर चालेल का, असे दहा मुद्दे. मिठावरून हसू येतं, पण साठवण एकदा सुरू झाली की कुठे जाते ते आपल्याला ठाऊक आहे.

वज्जींबद्दल (वैशालीचं गणराज्य) बुद्धाचं म्हणणं महापरिनिब्बान सुत्तात आहे, की जोवर हे लोक वरचेवर आणि मोठ्या संख्येने जमतात, एकोप्याने बसतात आणि एकोप्याने उठतात तोवर त्यांची वाढच होईल. मला त्यातलं 'एकोप्याने उठतात' हे फार आवडतं.

तळटीप

पाली_शिकतेय यांच्या प्रतिसादाला जोड. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी नेमकं हेच काढलं होतं. भारताला संसदीय पद्धत नवी नाही, भिक्षुसंघात आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, व्हिप, मतमोजणी, गुप्त मतदान, निंदाव्यंजक ठराव हे सगळं होतं, असं ते म्हणाले. आणि ते बुद्धाने त्या काळच्या राजकीय सभांकडून घेतलं असावं असंही म्हणाले. म्हणजे राजकारणातून धर्मात गेलेली रीत, दोनेक हजार वर्षांनी परत राजकारणात बोलावली.

चहाबिस्कीट

ते शलाकावालं मी जरा शोधून वाचलं. त्यात असंही आहे की मतं मोजताना अधर्माची बाजू जिंकतेय असं दिसलं तर काड्या वाटणाऱ्याने 'नीट वाटल्या गेल्या नाहीत' म्हणून मतदान रद्द करायचं. 🙂 हे पण आपल्याच परंपरेतलं धरायचं का? ओळखीचं वाटलं म्हणून विचारतोय.

पाली_शिकतेय

आहे तसं, नाकारत नाही. संघाच्या दृष्टीने धम्म हा मताने ठरवायचा विषयच नव्हता, मतदान फक्त भांडण मिटवायला. पण अडचणीची जागा आहे हे खरं.

वऱ्हाडी_ठेचा

मी मूळचा अकोल्याचा, नोकरीनिमित्त गडचिरोलीत सहा वर्षं काढली. दोन्हीकडचं सांगतो भाऊ.

माह्या गावात ग्रामसभा म्हणजे रजिस्टर. शिपाई घरोघरी फिरते, काकू इथं सही करा, अंगठा द्या. कोरम पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यातलं जे कमी ते. तो भरला नाही की तहकूब, आणि तहकुबीला कोरम नाही, खुर्चीभाऊच्या सोसायटीसारखंच. वर्षात किमान चार सभा, ग्रामसभेआधी बायांची वेगळी सभा घ्यायची असा नियम, तिचंही रजिस्टरच फिरते. कागदावर आमचं गाव म्हणजे अथेन्सच्या वर आहे.

आणि धानोरा तालुक्यात मेंढा नावाचं गाव आहे, मेंढा-लेखा म्हणतात. तिथं बहुमत चालत नाही. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या सभेवर. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच. लोकं म्हणतात असं केलं तर कामं कधी होतील, तर २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक, आणि २०११ मध्ये बांबू स्वतः विकायचा अधिकार घेतला. उशीर लागते पण ठरलेलं मोडत नाही कारण ठरवताना बाहेर कोणी राहिलंच नसते. मी एकदा सभेला बसलो होतो पाहुणा म्हणून. अर्धा वेळ कोणीच बोलत नव्हतं. मला वाटलं संपली सभा, मी उठायले लागलो तर बाजूच्यानं हात धरून बसवलं, म्हणे चालू आहे.

मधली_सुट्टी

साहित्याबद्दल कोणीच लिहीना म्हणून मी.

आपलं संमेलन सुरूच झालं ते न्या. रानडे आणि लोकहितवादींच्या ग्रंथकार संमेलनापासून, पुणे, मे १८७८. आणि दुसऱ्याच खेपेला, १८८५ ला, पहिला टाळ वाजला. रानड्यांनी जोतीराव फुल्यांना बोलावलं आणि जोतीरावांनी येत नाही असं पत्र धाडलं. जे माणसांना माणसाचे हक्क देत नाहीत त्यांच्या सभा आणि त्यांची पुस्तकं आमच्या सभा-पुस्तकांशी मेळ खात नाहीत, असा त्याचा रोख. 'घालमोड्या दादांची सभा' हे जोतीरावांचं टोमण्याचं नाव तेव्हापासूनचं. गंमत म्हणजे त्या संमेलनात कोण काय बोललं ते आज कोणाला आठवत नाही, न आलेल्या माणसाचं पत्र मात्र सगळ्यांना माहीत.

पुढे हा टाळ वेगळ्या मांडवातच वाजत राहिला. १९५८ ला दादरला पहिलं दलित साहित्य संमेलन, उद्घाटन अण्णा भाऊ साठ्यांचं, पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही तर दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरलीय हे ते तिथेच म्हणाले. १९९९ ला धारावीत पहिलं विद्रोही. २०२४ ला अमळनेरला तर दोन्ही संमेलनं एकाच गावात, एकाच सुमारास. मी दोन्हीकडे गेले होते. रिक्षावाला विचारायचा 'कुठलं, सरकारी का दुसरं?'

आणि कऱ्हाड, १९७५. आणीबाणी लागलेली, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण म्हणजे साक्षात केंद्रातले मंत्री, आणि अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी आणीबाणीच्या विरोधातल्या जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीला आराम पडावा म्हणून प्रार्थना करायला लावली. माझे मामा तेव्हा कॉलेजात होते, मांडवात मागे उभे होते. ते सांगतात की उठताना माणसं आधी शेजारच्याकडे बघत होती, तो उठतोय का. पुढच्या वर्षी बाईंना अटक झाली.

यवतमाळचं २०१९ चं मी उगाळत नाही. नयनतारा सहगलांना उद्घाटनाला बोलावलं आणि मग येऊ नका कळवलं. अरुणा ढेरे अध्यक्ष, निवडणूक बंद करून एकमताने निवडलेल्या पहिल्या. हजारेक मतदारांची ती निवडणूक जाऊन एकमत आलं याचा आनंद मलाही झाला होता, पण मेंढ्याचं एकमत आणि साहित्य महामंडळाचं एकमत यात फरक आहेच ना. तिथे सगळं गाव बसतं.

राजाभाऊ_नाक्यावरचे

जरा उलट बोलतो. तुम्ही लोक सगळ्या सभांना एकाच फूटपट्टीने मोजताय. प्रत्येक सभा ठराव करायला नसते हो. शिवाजी पार्कच्या सभेला माणूस हरकत घ्यायला जायचा का? अत्र्यांची सभा म्हणजे लोक जेवून, पोरांना खांद्यावर घेऊन जायचे, ऐकायला, हसायला, चेव यायला. संयुक्त महाराष्ट्र असाच मिळाला. आणि त्याची सुरुवात कुठे, तर बेळगावच्या साहित्य संमेलनात! मे १९४६, माडखोलकर अध्यक्ष, तिथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. कवी-कादंबरीकारांनी ठराव केला, दहा वर्षांनी गिरणी कामगार रस्त्यावर. तेव्हा गर्दीला पंगत म्हणून हिणवू नका.

आणि थांबवायची सोय म्हणताय तर सुरत आठवा. १९०७ चं काँग्रेस अधिवेशन, नागपूरहून हलवून सुरतेला नेलं, टिळक व्यासपीठावर चढून हरकत घेतायत, अध्यक्ष ऐकेनात, मांडवातून पुणेरी जोडा भिरभिरत आला तो सुरेंद्रनाथांना आणि फिरोजशहा मेहतांना लागला. थांबली सभा! खुर्च्या तुटल्या, काँग्रेस फुटली. ही पण हरकतच.

कोपऱ्यातली_खुर्ची

राजाभाऊ, पंगतीचं मागे घेतो. पण सुरतेचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे हो, हरकतीला जागा दिली असती तर जोडा पायातच राहिला असता.

राजाभाऊ_नाक्यावरचे

टिळकांच्या लोकांनी १८९५ ला पुण्यात काय केलं ते वाचा मग. रानड्यांची समाजसुधारणेची सामाजिक परिषद काँग्रेसच्या मांडवात भरली तर मांडव जाळू म्हणाले. रानड्यांनी वाद नको म्हणून परिषद फर्ग्युसनच्या आवारात नेली. जागा मागणारे जागा देतातच असं नाही.

कोपऱ्यातली_खुर्ची

हे बरोबर.

तळटीप

मांडवाच्या जागेवरूनच आठवलं. महाड, मार्च १९२७ ची आंबेडकरांची अस्पृश्यांसाठीची परिषद, पिण्यासाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. डिसेंबरच्या परिषदेला गावात कोणी जमीन देईना, ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी. खुर्ची यांच्या कसोटीत एक भर घालायला हवी: सभा थांबवता येण्याआधी ती भरवता आली पाहिजे. आणि मार्चमध्ये चवदार तळ्यावर जायचं कधी ठरलं, तर आभाराच्या वेळी! अनंतराव चित्रे आभार मानायला उठले आणि म्हणाले, सगळे मिळून तळ्यावर जाऊ. तेव्हा ऐनवेळच्या विषयांना इतकंही कमी लेखू नये.

दिवचलकार

गोंयांतल्यान एक छोटीशी गंमत. आमच्याकडे चर्चला 'इगर्ज' म्हणतात, पोर्तुगीज इग्रेजावरून. तो शब्द मागे मागे जातो ग्रीक एक्लेसियापर्यंत, आणि एक्लेसिया म्हणजे काय, तर अथेन्सच्या नागरिकांची राजकीय सभा! टेकडीवर भरायची, काही ठरावांना सहा हजारांचा कोरम. लोक बाजारात चकाट्या पिटत बसायचे म्हणून लाल रंगात बुडवलेली दोरी दोन्हीकडून धरून त्यांना सभेकडे हाकलायचे, कपड्याला लाल डाग दिसला की दंड. ख्रिस्ती लोकांनी आपल्या जमावाला तोच शब्द घेतला, मग तो इमारतीलाच चिकटला. आज म्हापशात कोणाला इगर्ज कुठे विचारा, सभा कोणीच दाखवणार नाही.

आणि आमची गांवकारी, पुढे जिला कोमुनिदाद म्हणायला लागले, गावची जमीन सांभाळणारी गांवकारांची सभा. १५२६ च्या फोरालात, म्हणजे सनदेत, पोर्तुगीजांनी तिच्या रिती लिहून काढल्या. पण ती फक्त गांवकार पुरुषांची. कुळं, बाया बाहेर. म्हणून जुनं ते सोनं म्हणताना आमची जीभ जरा अडखळते.

चहाबिस्कीट

लाल दोरी आमच्या सेक्रेटरीला सुचवू नका कृपया.

डेट्रॉइटची_मावशी

इथे बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी असतं. तिथे एकच ठराव दरवेळी एकमताने होतो, पुरणपोळी संपली होती. पण गंमत सोडा, मी २००९ ला सॅन होजेला पहिल्या विश्व साहित्य संमेलनाला गेले होते, अध्यक्ष गंगाधर पानतावणे, 'अस्मितादर्श' नियतकालिकवाले. हॉटेलच्या गुळगुळीत हॉलमध्ये इस्त्रीच्या नऊवाऱ्या आणि मंचावर दलित साहित्याचा माणूस. माझ्या शेजारचे काका कुजबुजले हे कोण. मी सांगितलं. ते शेवटपर्यंत बसले आणि मग पुस्तकांच्या टेबलावर जाऊन चौकशी करताना दिसले. हरकत नाही, ठराव नाही, पण ती सभाच होती माझ्या मते.

राजाभाऊ_नाक्यावरचे

मावशी +१. हेच म्हणत होतो मी.

टाळकरी

खुर्चीभाऊ, लिफ्टचं काय झालं पण?

कोपऱ्यातली_खुर्ची

सांगायचं राहिलं. उपविधी काढून वाचले. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. चौसष्टचे तेरा. गेले तीन दिवस जिने चढतोय (लिफ्ट बंदच आहे), अकरा सह्या झाल्यात. चौथ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले सही करतो पण माझं नाव पहिलं नको, मधे कुठेतरी घाला. बाराव्या सहीला एक बाई म्हणाल्या की घर मिस्टरांच्या नावावर आहे, ते दुबईला असतात, माझी चालेल का. चालत नाही. त्या सभासद नाहीत. गेली नऊ वर्षं मेंटेनन्स त्याच भरतायत. दिवचलकार, तुमची गांवकारी आमच्या सहाव्या मजल्यावर सापडली.

आणि हो, आईच्या माळ्यावर आजोबांचे टाळ आहेत पितळेचे. काल काढले.

टाळकरी

दोरी बदलून घ्या. जुनी असली तर ऐन वेळेला तुटते.